बाटलीनंतर दिवा विझला, पाणी टाकीतच राहिलं: जालन्यातल्या एका ट्रकचं प्रकरण

गाडी दहा चाकी, 2018 चं मॉडेल, बीएस-फोर (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक), सहा सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारं. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरायची, वडीगोद्री, गेवराई, बीड, मांजरसुंबा, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरला उतरवायची आणि परतीला मिळेल तो माल घेऊन यायचं, हा तिचा नेहमीचा रस्ता. जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. मालक अंबड तालुक्यातले. घरी ऊस, कापूस, एक ट्रॅक्टर आणि हप्त्यावर घेतलेला हा एकच ट्रक. गाडीवर त्यांच्या नात्यातलेच एक मामा, ज्यांची निम्मी हयात जुन्या यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांवर गेली. घरची एवढी माहिती आधी देतोय, कारण या प्रकरणाचं मूळ शेवटी इंजिनात सापडलं नाही, घरच्या अंगणात सापडलं.

माझं काम इंजिनाच्या डिझेल पंपाचं आणि डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं. अशा गाड्या आमच्याकडे बाकीचे उपाय करून थकल्यावर येतात. ही 2025 च्या दिवाळीनंतर आली.

भरल्या गाडीला लिटरला चार किलोमीटरच्या आसपास पडणारं ॲव्हरेज साडेतीनच्या खाली गेलं होतं. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी ओढत नव्हती आणि काळा धूर मारत होती. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागायचा. चालू झाली की काही मिनिटं मिसिंग आणि पांढरट धूर. डिझेल फिल्टर महिन्याभरात दोनदा चोक झालेला.

"पंपावरचं डिझेलच बोगस असणार मिस्त्री," मालक म्हणाले. "बाटली टाकली की दोन खेपा मोकळी पळती, मग पुन्हा तेच."

बाटली म्हणजे दुकानात मिळणारं, डिझेलमध्ये ओतायचं रसायन, ॲडिटिव्ह. मामांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते बाटली बरोबर होती, डोस कमी पडत होता. म्हणून त्यांनी तो दुप्पट केला होता.

काळा धूर आणि पांढरा धूर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे इथेच लक्षात घ्यायला हवं. काळा धूर म्हणजे जेवढं डिझेल पडतंय तेवढी हवा मिळत नाही. थंड इंजिनाचा पांढरा धूर बहुतेक वेळा सांगतो की डिझेल नीट फवारलं जात नाही, त्यामुळे न पेटताच बाहेर पडतं. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. पण हप्त्याची गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नाही, आणि दुकानातली बाटली पाच मिनिटांत टाकून होते. ट्रकवाल्याची ही ओढाताण मी रोज बघतो. म्हणूनच त्याच्या गरजेवर कुणी वाट्टेल ते दावे छापून विकतं तेव्हा मला मनापासून चीड येते.

सीटमागे रिकाम्या बाटल्या होत्या. लेबलवर लिहिलेलं: सीटेन वाढवते, इंजेक्टर साफ करते, पाणी काढते, मायलेज वाढवते. आत काय आहे ते कुठेही नाही.

अशा बाटल्यांत निरनिराळ्या कामांची निरनिराळी रसायनं असतात. सीटेन म्हणजे डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप. ते वाढवायला साधारणपणे 2-इथाइलहेक्झाइल नायट्रेट वापरतात. त्याने डिझेल फवारल्यानंतर लवकर पेट घेतं, थंडीत स्टार्टिंग सुधारतं, टकटक थोडी कमी होते. पण आपल्याकडच्या डिझेलला सीटेन नंबर किमान 51 असण्याची अट आधीच आहे, आणि तो वाढवल्याने डिझेलमधली ऊर्जा काही वाढत नाही. साफ करणारा भाग म्हणजे डिटर्जंट. तो खरोखर काम करतो. इंजेक्टरच्या टोकाच्या, म्हणजे नोजलच्या, बारीक छिद्रांवर बसलेला कार्बनचा थर तो हळूहळू, काही टाक्यांच्या वापरात, सोडवतो. मात्र इंजेक्टरमधली झिजलेली सुई तो भरून काढत नाही आणि गंज काढत नाही.

तिसरा प्रकार वंगणाचा. बीएस-थ्रीच्या डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 350 भाग) चालायचं, बीएस-फोरमध्ये 50 आणि एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्समध्ये फक्त 10. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला निसर्गतः वंगणपणा देणारी काही द्रव्यंही निघून जातात, हे खरं आहे. "आताचं डिझेल कोरडं" असं जुने ड्रायव्हर म्हणतात ते याच अर्थाने. पण म्हणूनच रिफायनरीत वंगणाचं रसायन मिसळूनच डिझेल बाहेर पडतं, आणि ते पुरेसं आहे की नाही याची चाचणी मानकातच दिलेली आहे: ठरावीक घर्षणानंतर पडणारा व्रण 460 मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. त्यात वरून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) ओतायची गरज नाही. केरोसीन ओतणं तर उलटंच काम करतं, कारण ते पातळ आणि वंगणाला कमी.

थंडीत डिझेल गोठू नये म्हणूनही बाटल्या मिळतात. आपल्या मानकात हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहतं राहिलं पाहिजे असं धरलेलं आहे. परभणीकडे एखाद्या पहाटे पारा त्याच्या आसपास येतो खरा, पण ऊन चढलं की संपलं. काश्मीरला माल नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. सोलापूरच्या खेपेला ही बाटली नको.

राहिलं पाणी. या प्रकरणात सगळं इथेच घडलं.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्याच दिवसांत या गाडीच्या डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागायला सुरुवात झाली. पहिल्या डिझेल फिल्टरच्या तळाशी एक वाटी असते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते वेगळं होऊन वाटीत साचतं, सेन्सरपर्यंत पोचलं की दिवा पेटतो, आणि खालचा कॉक सैल केला की बाहेर निघतं. मामांनी सुरुवातीला तेच केलं. पण दिवा वरचेवर लागायला लागल्यावर कंटाळून "वॉटर रिमूव्हर" आणलं. दोन-तीन भरण्यांत दिवा लागायचा बंद झाला. घरात सगळ्यांना वाटलं, पाणी गेलं.

बंद टाकीतलं पाणी जाणार कुठे? डिझेलमधल्या पाण्यावर रसायनं दोन प्रकारची आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध काम करतात. एक प्रकार पाण्याचे थेंब एकत्र आणतो, तळाला बसवतो. ते पाणी वाटीत येतं आणि आपण ते सोडून देतो. दुसरा प्रकार पाण्याचे अतिशय बारीक कण करून त्यांना डिझेलमध्ये तरंगत ठेवतो. मग ते वाटीत बसत नाही, सेन्सरला लागत नाही, डिझेलबरोबर फिल्टर ओलांडून थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांवर "पाणी काढते" एवढंच लिहिलेलं असू शकतं.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत हा दुसरा प्रकार बऱ्याचदा खपून जायचा. तिथे नोजल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतं, भाग जाड, सहनशक्ती जास्त. मामांचा अनुभव त्या गाड्यांचा होता आणि त्या गाड्यांपुरता तो खोटा नव्हता. कॉमन रेलमध्ये दाब 1600 बार आणि त्याच्याही वर जातो. सुई आणि तिच्या घरातली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. तिथे वंगण म्हणून फक्त डिझेल असतं. त्या फटीत पाणी आलं की तेवढी जागा कोरडी घासते, रात्री गाडी उभी राहिली की गंज धरते, आणि गरम टोकाशी पाण्याची एकदम वाफ झाली तर नोजलची छिद्रं खराब होतात.

टाकीतलं थोडं डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत काढलं. दुधाळ दिसलं. चांगलं डिझेल उजेडात धरलं तर पलीकडचं स्पष्ट दिसतं, इथे बरणीमागचं बोट दिसेना. बरणी रात्रभर न हलवता ठेवली. सकाळीही दुधाळच. साधं पाणी असतं तर रात्रीतून खाली बसलं असतं आणि मध्ये रेघ दिसली असती. बाटलीने नेमकं काय केलं होतं ते त्या बरणीत उघड दिसत होतं.

मग प्रश्न राहिला की पाणी आलं कुठून. मालकांचा संशय पेट्रोल पंपावर, म्हणून आधी तोच तपासला. घनता तपासून मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. अर्ध्या लिटरच्या मापाच्या नळकांड्यात डिझेल घेतात, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडतात, आणि आलेला आकडा तक्त्यावरून 15 अंश तापमानाच्या हिशोबात आणतात. पंपावर नोंदलेल्या घनतेपेक्षा फरक घनमीटरला 3 किलोच्या आत हवा. तो आत होता. पण तळाला बसलेलं पाणी घनतेत दिसतंच असं नाही. त्यासाठी मोजपट्टीला पाणी शोधायची पेस्ट लावून ती टाकीच्या तळाला टेकवतात. पाणी लागलं तर पेस्टचा रंग बदलतो. पंपावर तीही चाचणी आमच्यासमोर करून दाखवली, रंग बदलला नाही. नेहमीच्या पंपाला दोष देण्यासारखं काही निघालं नाही, आणि हे मालकांना तिथल्या तिथे सांगणं मला गरजेचं वाटलं. उधारीचं नातं संशयावर तुटलं असतं.

"घरी डिझेल साठवता का?" असं विचारल्यावर मामा म्हणाले, "बॅरल हाय ना, ट्रॅक्टरसाठी." पेरणीच्या आणि उसाच्या दिवसांत पंपावर चकरा नकोत म्हणून दोनशे लिटरचे दोन बॅरल गोठ्यालगत उभे होते. रात्री माल भरायला निघताना ट्रकच्या टाकीत त्यातलंच तीस-चाळीस लिटर पडायचं.

मी बॅरल बघायला गेलो. उभे, उघड्यावर, बूच घट्ट लावलेली. वरच्या झाकणाला कडेने उंच काठ असतो, त्यात अजून बोटभर पाणी साचलेलं होतं आणि दोन्ही बुचं त्या पाण्याखाली होती. दिवसा उन्हाने बॅरलमधली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर जाते. रात्री गार झाल्यावर आत ओढ निर्माण होते, आणि हवेऐवजी वर साचलेलं पाणी आत खेचलं जातं. बूच हाताने कितीही आवळलं तरी वायसर जुना असेल तर हे होतंच. अतिवृष्टीच्या महिन्यात हे रोज रात्री चालू होतं. त्यात हातपंपाची नळी बॅरलच्या तळापर्यंत सोडलेली, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्यात आधी पाणीच वर येणार. बॅरलचा नमुना बरणीत ठेवला तर काही वेळात खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये स्वच्छ रेघ. त्यात बाटली पडलेली नव्हती ना.

ट्रकची टाकी उतरवली. बाटलीलाही न पेललेलं, तळाशी बसलेलं पाणी दीड लिटरभर निघालं. मानकाप्रमाणे किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. अडीचशे लिटर डिझेलमध्ये हा हिशोब साधारण चाळीस मिलिलिटरचा होतो. त्याच्या पस्तीस-चाळीस पट पाणी नुसतं तळाला होतं, दुधाळ डिझेलमधलं वेगळंच.

टाकीच्या तळाला आणि फिल्टरच्या घड्यांत भिजवलेल्या चिंचेच्या कोळासारखा काळपट, चिकट थर होता. बोटांत चोळला तर ओढला जायचा, आणि वास आंबूस, डिझेलचा नाही. ही बुरशी. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात त्या रेषेवर काही बुरशी आणि जिवाणू वाढतात, पाण्यात राहतात आणि डिझेलवर जगतात. पावसाळा संपताना मराठवाड्यातली उबदार हवा त्यांना मानवते. फिल्टर चोक होत होता तो यामुळे. आणि "बाटली टाकली की दोन खेपा मोकळी" याचंही उत्तर इथेच होतं. मामांना विचारलं तर दोन्ही वेळा बाटलीबरोबर फिल्टरही नवा टाकलेला. मोकळी झाली ती नव्या फिल्टरने, यश मिळालं बाटलीला.

इंजेक्टरची रिटर्न चाचणी घेतली. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी नळकांडी लावून इंजिन चालवायचं आणि कुणाचं डिझेल किती परत येतं ते बघायचं. सहातले दोन बाकीच्यांच्या दुपटीच्या पुढे भरत होते, म्हणजे आतून झिजून गळत होते. उघडल्यावर सुईवरची आरशासारखी चमक गेलेली, बारीक तपकिरी ठिपके पडलेले. ते दोन बदलावे लागले. कॉमन रेलच्या एका इंजेक्टरला जाणारे हजारो रुपये ऐकून मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. उसाचं बिल अजून यायचं होतं.

काळ्या धुराचं कारण अगदीच साधं होतं. टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा गार करणारी जाळी) जाणाऱ्या होजची पट्टी ढिली होती आणि होजला आतून चीर गेली होती. घाटात दाब वाढला की हवा तिथून निसटायची. होज आणि पट्टी बदलली. जगातली कुठलीही बाटली ती चीर बुजवणार नव्हती.

टाकी वाफेने धुतली, वाळवली, डिझेलच्या नळ्या फुंकून घेतल्या, दोन्ही फिल्टर नवे टाकले. मग मी स्वतः एक रसायन वापरलं: बुरशीनाशक, नामांकित कंपनीचं, डोस मापून, हातमोजे घालून, कारण ते माणसालाही विषारीच असतं. ते धुण्याच्या आधी घातलं असतं तर मेलेली बुरशी सुटून पुन्हा फिल्टरमध्येच गेली असती. पहिल्या खेपेनंतर फिल्टर उघडून बघायचा असं ठरवलं होतं. बघितला, थोडा काळपट निघाला, बदलला, पुढचा स्वच्छ राहिला.

म्हणजे मी रसायनांच्या विरुद्ध नाही. तेल कंपन्याही डिटर्जंट मिसळलेलं डिझेल वेगळ्या नावाने विकतात, इंडियन ऑइलचं एक्स्ट्राग्रीन त्यातलंच. घाण बसलेल्या नोजलला, साठवलेल्या डिझेलला, थंड मुलखात जाणाऱ्या गाडीला योग्य रसायनाचा उपयोग आहेच. माझा राग आहे तो निदान न करता चार आजारांवर एक बाटली देण्यावर.

मामांचा पुढचा प्रश्न होता, आता दर टाकीला एक साधी बाटली चालू ठेवू का, मायलेजसाठी. त्यांच्याबरोबर बसून हिशोब केला. अडीचशे लिटर डिझेल, लिटरला नव्वदच्या आसपास धरलं तर साडेबावीस हजार. बाटली साडेचारशेची. म्हणजे दोन टक्के. ती फुकट जाऊ नये एवढ्यासाठीच चारचं ॲव्हरेज 4.08 व्हायला हवं. परतीला रिकामी आली की भरून आली, टायरमध्ये हवा किती, वारा समोरचा की मागचा, टोलवर किती थांबली, एवढ्याने याच्या कितीतरी पट फरक पडतो. केबिनमध्ये बसून 0.08 कुणालाच कळणार नाही. कळायचंच असेल तर त्याच पंपावर, त्याच नोजलवर टाकी काठोकाठ भरायची, सारख्या वजनाच्या बऱ्याच खेपा वहीत लिहायच्या, मग बाटलीसह तितक्याच लिहायच्या. मामांनी वही घातली आहे. बाटली अजून घेतलेली नाही.

दुरुस्तीनंतर ॲव्हरेज चारच्या जवळ आलं, पण पूर्ण पहिल्यासारखं लगेच आलं नाही. मागच्या एका चाकाचा ड्रम खेपेनंतर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत होता. ब्रेक किंचित धरून राहत होता. तो सोडवल्यावर उरलेला बराच फरक भरून निघाला. ॲव्हरेजचं खापर डिझेलवरच फोडायचं म्हटलं असतं तर हा ब्रेक कुणी बघितलाच नसता.

गाडीच्या बाजूला निळ्या टोपणाची डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची, टाकी आहे. मालकांच्या धाकट्या भावाला वाटत होतं की तेही डिझेलमध्ये टाकायचं ॲडिटिव्हच. ते तसं नाही. ते 32.5 टक्के युरियाचं पाणी आहे आणि ते सायलेन्सरच्या वाटेवर फवारलं जातं. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू न करता टाकी रिकामी करायची, नाहीतर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलायची वेळ येते. हाच भाऊ आता बीएस-सिक्स गाडी घ्यायचं म्हणतोय. त्याला एवढंच सांगितलंय की तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि लोखंड, मँगनीज असे धातू असलेली बाटली पडली तर त्यांची राख त्यात साचते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. त्या गाडीच्या पुस्तकात जे रसायन लिहिलेलं नाही ते टाकायचं नाही.

बॅरल आता पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर आडवे आहेत, दोन्ही बुचं डाव्या-उजव्या बाजूला एका रेषेत, जेणेकरून ती आतून डिझेलखाली राहतील. ट्रकला त्यातलं डिझेल देणं बंद केलंय. वाटीचा कॉक मामा रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी सोडतात. ट्रॅक्टरनेही तेच डिझेल प्यायलं होतं. त्याचा फिल्टर तसाच काळा निघाला, पण त्याचा पंप जुना यांत्रिक, त्यामुळे टाकी धुऊन आणि फिल्टर बदलून काम भागलं.